शंभराला किती?

गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात बांगड्यांचा भाव कोणी विचारत नाही. इसवण (सुरमई), पापलेट, मोठी सुंगटं (कोळंबी) किलोवर जातात, आणि ती घेणारं गिऱ्हाईक काट्याकडे फारसं बघतही नाही. बाकी आम्हा सगळ्यांचा प्रश्न एकच, "शंबराक कितले?" समोर वाटे लावलेले असतात. वरचे दोन बांगडे ठळक, डोळे चकचकीत. खालचे घालताना मासळी विकणाऱ्या मावशीचा हात जरा आखडलेला. शंभर हा आकडा बसलेला, हलतो तो बांगड्यांचा. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठल्यावर जाळी भरभरून आली की शंभराला आठ-दहा येतात, डिसेंबरात हॉटेलं भरली की चार, आणि वारा सुटून होड्या किनाऱ्यालाच राहिल्या की तीन. तेही "जाय जाल्यार घे, ना जाल्यार वच" (हवं तर घे, नाहीतर जा) अशा आवाजात.

बी.कॉम.ला आम्हाला याच्या उलट शिकवलं होतं. वस्तूचा भाव दिलेला असतो, ग्राहकाचं उत्पन्न दिलेलं असतं, आणि किती नग घ्यायचे एवढंच तो ठरवतो. फळ्यावर दोन अक्ष, खिशातल्या पैशांची मर्यादा दाखवणारी एक तिरकी रेघ, तिला हलकेच टेकलेला आवडीचा वक्र, आणि टेकला त्या ठिकाणी ग्राहकाचा समतोल. उदाहरण कायम सफरचंद-संत्र्यांचं. गोव्यातल्या मुलांना सफरचंद म्हणजे आजारी माणसाला बघायला जाताना न्यायची वस्तू. तिचा समतोल कोण कशाला काढत बसेल?

बाजारात आधी पैसे ठरतात, मग नग कळतात, आणि घरी काय शिजणार ते सगळ्यात शेवटी. आमच्या घरात पाच माणसं. सहा बांगडे मिळाले तर चिरे पाडून, रेशाद मसाला भरून तळायचे, वरचा एक मुलाला. चार मिळाले तर तुकडे करून हुमण, म्हणजे कालवण. तीनच आले तर उड्डामेथी: खोबऱ्याचा दाट रस, उडीद, मेथी, चार आंबाडे ठेचून, आणि बांगड्याने नुसती हजेरी लावायची. शंभर रुपये तेच, जेवणारी तोंडं तीच. केल्व्हिन लँकेस्टर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६६ मध्ये मांडलं की माणसाला वस्तू नको असते, वस्तूतले गुण हवे असतात. वाचलं तेव्हा मला वाटलं, हा माणूस कधीतरी स्वयंपाकघरात उभा राहिला असणार. बांगड्यातला गुण म्हणजे त्याचा वास आणि त्याची चरबी, आणि तो गुण रसात उतरवून पाच जणांत वाटता येतो. तळलेल्या बांगड्याला ते जमत नाही.

पर्यटकांना वाटे बघून वाटतं की इथे फसवाफसवी चालते. वजन नाही, दराची पाटी नाही. पण ओल्या हातांनी, ओल्या मासळीचं वजन करून, सत्त्याऐंशी रुपये पन्नास पैशांचा हिशेब करायला त्या मावशीला वेळ कुठे आहे? गिऱ्हाइकाच्या हातात नोट असते आणि वाटा त्या नोटेच्या मापाचा लावलेला असतो. मोठमोठ्या कंपन्यांनीही शेवटी हेच केलं. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहिला आणि आतली बिस्किटं रोडावत गेली. फरक एवढाच की पुड्याचं वजन मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत असतं, आणि वाट्यातले बांगडे मला डोळ्यांनी मोजता येतात. शिवाय पुड्याशी भांडता येत नाही. मावशीला "आनी एक घाल गो" म्हणता येतं. ती आधी देवाची शपथ घालते, मग एक बारीक बांगडा वर टाकते. तो बारीक बांगडा तिने त्यासाठीच बाजूला ठेवलेला असतो, हे दोघींना ठाऊक असतं.

आता तिच्या टोपलीला क्यूआर कोडचा पुठ्ठा टांगलेला आहे आणि शंभराची गाठ सुटत चालली आहे. वाटा एकशेवीसचा होतो, एकशेतीसचा होतो. नोट मोडायची म्हणजे मन थोडं कचरायचं. फोन नुसता दाखवायचा असतो. महिन्याच्या शेवटी मी बँकेच्या मेसेजांची बेरीज करते तेव्हा मासळीचा आकडा दरवेळी माझ्या अंदाजापेक्षा वर असतो. म्हणून शुक्रवारच्या पिशवीचे पैसे मी पुन्हा रोख काढू लागले आहे.

मी पतसंस्थेत काम करते. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत बाजार उरकायचा. सातशे रुपये. त्यात मासळी, नारळ, तांबडी भाजी, एखादं फळ, आणि सासूबाईंनी आठवणीने सांगितलेलं काहीतरी, जे हमखास बाजाराच्या दुसऱ्या टोकाला असतं. कांदे-बटाटे-टोमॅटो मी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घेते. बेळगावकडून येणारी भाजी तिथे अनुदानाच्या दरात मिळते, दर फळ्यावर लिहिलेले असतात, घासाघीस नाही. तांबडी भाजी मात्र गावातून जुड्या घेऊन येणाऱ्या बाईकडूनच. तिची जुडी महाग पडते पण सकाळी कापलेली असते. महामंडळाच्या रांगेत दहा मिनिटं जातात. ती दहा मिनिटं कोणत्या खात्यात टाकायची हे पुस्तकाने सांगितलेलं नाही, पण माझी सुट्टी पाऊण तासाची असते आणि मला ती दिसते.

सातशेतले सहाशे कुठे जाणार हे पिशवी हातात घेण्याआधीच ठरलेलं असतं. विचार करावा लागतो तो शेवटच्या शंभराचा. तारल्यांचा एक वाटा घ्यावा की दोन नारळ? नारळ घरात एकच उरलाय. तारले स्वस्त आहेत पण साफ करायला वेळ खातात आणि काटे बारीक, मुलगा ताटात चिवडत बसतो. शनिवारी डब्याला काय, रविवारी कोण येणार, गॅस कितपत उरलाय, असे चार धागे त्या एका नोटेला गुंडाळलेले असतात.

हेच हेरमान हाइनरिश गोसेन या प्रशियन माणसाने १८५४ मध्ये लिहून ठेवलं. सरकारी नोकरी सोडून त्याने एक पुस्तक लिहिलं. त्याचं सांगणं असं की प्रत्येक वस्तूचा पुढचा नग मागच्यापेक्षा कमी सुख देतो. म्हणून शहाण्या माणसाने पैसे असे वाटावेत की प्रत्येक ठिकाणी गेलेला शेवटचा रुपया सारखंच सुख देईल. तारल्यांवरचा शेवटचा रुपया नारळावरच्या शेवटच्या रुपयापेक्षा कमी देत असेल तर तारले कमी करा, नारळ वाढवा, आणि दोन्ही सारखे झाले की थांबा. नियम इतका साधा की तो लिहून ठेवायला कोणाला तरी नोकरी सोडावी लागली याचं नवल वाटतं. गोसेनला मात्र आपण कोपर्निकसच्या तोडीचं काही केलंय अशी खात्री होती. पुस्तक खपलं नाही, त्याने उरलेल्या प्रती परत घेतल्या, आणि १८५८ मध्ये तो गेला. पुढे इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम जेव्हन्सला स्वतंत्रपणे तेच सुचलं, आणि १८७९ मध्ये आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने मोकळेपणाने कबूल केलं की हा जर्मन आपल्या आधी इथे येऊन गेला होता.

नियम खोटा नाही. अडतो तो मोठ्या वस्तूंपाशी. अर्धा सिलिंडर भरून मिळत नाही. मुलाची अर्धी फी भरता येत नाही. म्हणून प्रत्येक महिन्यात गोसेनचा नियम पाळायला उरतात ते हे असले सुटे शंभर-दोनशे, आणि पगार जितका लहान तितके ते कमी. ज्याच्याकडे निवडीला जागाच शिल्लक नाही त्याला "विवेकी निवड करा" म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. आमच्या पतसंस्थेत कर्जवसुलीच्या बैठकीत असं म्हणणारे भेटतात.

बरं, जागा असते तेव्हा तरी आपण सारखा विचार करतो का? कोथिंबिरीच्या जुडीवर पाच रुपये सोडवायला बाजाराची अख्खी रांग पालथी घालणाऱ्या बायका मी रोज बघते, त्यात आमच्या सासूबाई पहिल्या. त्याच सासूबाई सोनाराकडे गेल्या की घडणावळ किती टक्के लावलीत हे विचारायला संकोचतात. "तेवढं काय विचारायचं, आपले जुने आहेत ते." तिथे एक टक्का म्हणजे वर्षभराची कोथिंबीर. आमोस ट्वर्स्की आणि डॅनिएल काह्नमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये लोकांना असाच एक प्रश्न विचारला होता. पंधरा डॉलरचा कॅल्क्युलेटर वीस मिनिटांवरच्या दुकानात पाच डॉलरने स्वस्त मिळतोय, जाल का? बहुतेक म्हणाले जाऊ. सव्वाशे डॉलरच्या कॅल्क्युलेटरवर तेच पाच डॉलर वाचत असतील तर? बहुतेक म्हणाले नाही. पाच डॉलर दोन्हीकडे पाचच. आपलं मन रुपये मोजत नाही, रुपयाचं वस्तूशी असलेलं प्रमाण मोजतं, आणि सोनाराला हे आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

मासळीसाठी दुसऱ्या बाजारात जाण्यात मात्र आता फारसा अर्थ उरलेला नाही. पूर्वी शिवोलीला स्वस्त आणि म्हापशात महाग असं सर्रास व्हायचं. आता मावशींचे फोन सकाळपासून वाजत असतात, आणि कुठल्या जेटीवर काय उतरलं हे टोपली भरायच्या आधी कळलेलं असतं. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ नंतर मोबाईल आले तेव्हा नेमकं काय झालं याचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन या अर्थतज्ज्ञाने केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एका किनाऱ्यावर तारले फेकून द्यावे लागत आणि थोड्या अंतरावरच्या किनाऱ्यावर गिऱ्हाईक हात हलवत परत जाई. होडीतून फोन लागू लागल्यावर भाव जवळजवळ सारखे झाले, नासाडी थांबली, कोळ्यांचा नफा वाढला आणि घेणाऱ्याला मासळी थोडी स्वस्तही पडली. माझी शिवोलीची फेरी अशी वाचली.

भावापेक्षा भरवसा महाग पडतो, हे आम्ही २०१८ च्या जुलैत शिकलो. परराज्यांतून मडगावच्या घाऊक बाजारात आलेल्या मासळीत फॉर्मेलिन हे घातक रसायन असल्याची बातमी फुटली आणि सरकारने बाहेरची मासळी काही दिवस बंदच केली. त्या दिवसांत मासळी कितीही स्वस्त दिली असती तरी आमच्या घरात आली नसती. अंडी, वाल, सुकी मासळी यांवर निभावलं. तेव्हापासून मी एकाच मावशीकडून घेते. ती दहा रुपये जास्त लावते हे मला कळतं. पण कल्ला उघडून न दाखवताही ती सांगते, "हें कालचें, तुका नाका." ते दहा रुपये त्या वाक्याचे.

मे महिना आला की हिशेबाची सगळी घडीच बदलते. पुरुमेंताचे दिवस. १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, त्यात पाऊस, त्यामुळे पावसाळ्याची बेगमी मेमध्येच करायची ही गोव्याची जुनी रीत. सुके बांगडे, सुकी सुंगटं, सोलं, चिंच, हरमलची मिरची, कांद्याच्या माळा, उकडा तांदूळ. बाजारात त्या दिवसांत मिरचीने नाक चुरचुरतं आणि सुक्या मासळीच्या ढिगापाशी बायका वाकून एकेक सुंगट दोन बोटांत दाबून बघतात: कडक मोडलं तर घ्यायचं, वाकलं तर उन्हं कमी लागलीत, ऑगस्टपर्यंत बुरशी धरणार.

सगळं वर्षभर मिळतं, मग ही एवढी उस्तवार कशाला, असं नवरा दरवर्षी विचारतो. प्रश्न बरोबर आहे. मीही कागद घेऊन बसले. मेचा मिरचीचा भाव, ऑगस्टचा भाव, मधल्या तीन महिन्यांचं त्या पैशांवरचं व्याज, शिवाय कीड लागून जाणारा थोडा भाग. वाचतं, पण सांगण्यासारखं नाही. सुक्या सुंगटांत बरं वाचतं, तांदळात जवळजवळ काहीच नाही. पुन्हा हे पैसे नेमके वह्या-पुस्तकं-रेनकोटाच्या तोंडावर अडकतात. नुसत्या आकड्यांवर जायचं तर तांदूळ महिन्याच्या महिन्याला घ्यावा.

तरी मी घेते, आणि ती केवळ सवय आहे असं मला वाटत नाही. एक तर मेमध्ये माल निवडून घेता येतो. जुलैत दुकानदार जे पिशवीत भरेल ते. दुसरं म्हणजे डब्यात भरलेले पैसे पुन्हा पैसे होत नाहीत. जूनमध्ये बँकेत सहा हजार दिसले तर घरात त्याला सहा वाटा फुटतात. तेच मिरची आणि सोलं होऊन फडताळात बसले की कोणाचा हात तिथे जात नाही. जुलैत पगार उशिरा झाला, कोणी आजारी पडलं, तरी सुक्या सुंगटांची किसमूर, सोलांची कढी आणि भात एवढं ताटात नक्की असतं. व्याजाच्या हिशेबात नसलेली ही गोष्ट मला थोडे पैसे जास्त देऊन विकत घ्यायची आहे, आणि ती मी जाणूनबुजून घेते. नवऱ्याला हे पटलेलं नाही. किसमूर मात्र तो दोनदा वाढून घेतो.

सोमवार शिवराक, म्हणजे शाकाहारी, गुरुवार शिवराक, अख्खा श्रावण शिवराक. धर्माचं ज्याने त्याने पाहावं, मी हिशेबाचं बोलते. आठवड्यातले दोन दिवस मासळी घ्यावी का, कोणती, कितीची, हा प्रश्न घरात उठतच नाही. श्रावण तर बंदीच्या शेपटाला येतो, मासळी महाग असते तेव्हाच आमची भूक पंचांगाने आवरलेली असते. हर्बर्ट सायमन यांना १९७८ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते माणूस सगळे पर्याय तोलत बसत नाही, चालण्यासारखं काही सापडलं की थांबतो, अशा विचारांसाठी. आमच्या घरात चालण्यासारखं काय ते वारांवर आधीच लिहिलेलं आहे. सोमवारी मूग, गुरुवारी वाल किंवा अळसांदे. कंटाळा येतो, पण डोकं मोकळं राहतं.

आणि डोकं मोकळं राहणं ही चैन नव्हे. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. तोडणीआधी हात तंग असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, अशा दोन वेळा त्याच शेतकऱ्यांना त्याच प्रकारची कोडी घातली. तोडणीआधी त्यांचे गुण कमी आले. माणूस तोच, बुद्धी तीच, फक्त पैशांची चिंता डोक्यात जागा अडवून बसलेली. पतसंस्थेच्या काउंटरवर मी हे वर्षानुवर्षं पाहते. महिन्याच्या वीस तारखेनंतर येणारा माणूस कर्जाच्या अर्जावर कुठेही सही करतो, व्याजाचा दर विचारत नाही, किती मिळतील आणि कधी मिळतील एवढंच विचारतो. तोच माणूस सात तारखेला आला तर चार प्रश्न विचारील. कागद समजावून सांगायचा तर सात तारखेला सांगावा, असं मी आमच्या मॅनेजरना म्हटलं होतं. ते हसले.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी अर्जांचा ढीग लागतो. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, घराची रंगरंगोटी, मुंबईहून येणारे पाहुणे, पोरांचे कपडे. कवंडाळ, सुपारीचा घोस, आंबाड्यांचे घड, रानातून उतरलेल्या कसल्याकसल्या फळांच्या जुड्या, आणि सगळ्यांचे भाव आभाळाला. त्यांना पर्याय काढता येत नाही, कारण माटोळी रिकामी दिसली की शेजारच्यांना दिसते. हे कर्ज मला तितकंसं खुपत नाही. वर्षातून एकदा अख्खं घराणं एका छपराखाली येतं, त्याची किंमत लोक डोळे उघडे ठेवून मोजतात आणि पुढे सात-आठ महिने फेडतात.

खुपतो तो त्याच दिवसांतला शून्य टक्क्यांचा फ्रीज. बोर्डावर मोठ्या अक्षरांत बिनव्याजी हप्ते. समजा फ्रीज चोवीस हजारांचा, दोन हजारांचे बारा हप्ते. व्याज दिसत नाही खरं. पण दुकानदाराला हळूच विचारा, रोख दिले तर किती? बावीस हजार म्हणाला, तर तुम्ही बावीस हजार उसने घेऊन चोवीस हजार फेडताय. दोन हजार म्हणजे नऊ टक्के असं पटकन वाटतं. तेही बरोबर नाही, कारण दर महिन्याला हप्ता जातोय, पूर्ण बावीस हजार वर्षभर तुमच्याकडे राहतच नाहीत. नीट मांडलं तर व्याजाचा दर वर्षाला सोळा टक्क्यांच्या वर जातो. वर प्रक्रिया शुल्क असेल तर आणखी. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्ये बँकांना बजावलं होतं. बोर्ड तरी दिसतातच, शब्द थोडे बदलून. घेऊ नका असं मी कोणाला सांगत नाही. रोखीचा भाव विचारून मग घ्या, एवढं मात्र भावजयीला सांगितलं, तिने विचारलं, आणि दुकानातला पोरगा आत जाऊन मालकाला घेऊन आला.

आमच्या काउंटरवर दर महिन्याला काही बायका पाचशे-पाचशे रुपये आवर्ती ठेवीत भरायला येतात. पैसे गृह आधारचे. महागाईत गृहिणीला हातभार म्हणून गोवा सरकारने २०१२ मध्ये ही योजना आणली. सुरुवातीला महिना हजार मिळत, आता दीड हजार. पुस्तक म्हणेल पैसा हा पैसा, नवऱ्याच्या पगारात दीड हजार घातले काय नि बायकोच्या खात्यात घातले काय, फळ्यावरची घराची ती तिरकी रेघ तेवढीच बाहेर सरकते. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर म्हणतात, माणूस मनात वेगवेगळी खाती ठेवतो आणि एकातला पैसा सहजी दुसऱ्यात टाकत नाही. २०१७ चं नोबेल त्यांना मिळालं. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या बाबतीत खातं नुसतं मनातलं नाही, पासबुकावर नाव आहे. एकीने त्यातून शिलाई मशीन घेतलं. एक जण दरवर्षी वर्षाची ठेव मोडून कानातलं करते आणि नवऱ्याला सांगते माहेरून आलं. यातलं विवेकी कोणतं हे ठरवायला मला कोणी बसवलं तर मी बसणार नाही.

आता आमच्या घरातली एक गोष्ट. पॉल सॅम्युएलसन या अर्थतज्ज्ञाने १९३८ मध्ये एक सोय करून दिली: माणसाच्या मनात काय आहे ते विचारत बसू नका, तो काय निवडतो ते बघा, त्यातच त्याची आवड दिसते. या न्यायाने आमच्या सासूबाईंना बांगड्याचं डोकं फार आवडतं. माझं लग्न झालं तेव्हापासून हुमणातली डोकी त्यांच्याच ताटात. "सगळी चव डोक्यात असते, तुम्हाला काय कळणार" हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि आम्ही सगळ्यांनी ते खरं धरून चाललो होतो. गेल्या वर्षी भाचा जहाजावरून सुट्टीवर आला तो येताना हा एवढा चणक मासा घेऊन आला. घरात बसून सात जण जेवलो तरी तुकडे उरले. सासूबाईंनी मधल्या जाड तुकड्यांतले दोन तळलेले घेतले, शांतपणे खाल्ले, तिसऱ्याकडे पाहिलं आणि तोही घेतला.

"आई, डोकं तुझ्यासाठी ठेवलंय," नवरा म्हणाला.

"तू खा. काटे फार असतात त्यात."

सॅम्युएलसनचं चुकलं असं मी म्हणणार नाही. हातात होते त्या पर्यायांतून माणूस निवडतो, एवढंच तो म्हणाला होता. चार बांगडे आणि पाच माणसं असताना मधला तुकडा सासूबाईंच्या पर्यायांत कधी नव्हताच. पर्याय आम्ही मोजले नाहीत, निवड तेवढी पाहिली.

त्यानंतर मी डोक्यांना वार लावून दिले. हुमणात बांगडे असले की ज्याचा वार त्याने डोकी घ्यायची, लहान-मोठं कोणी सुटणार नाही. सासऱ्यांनी एकदा घेतली आणि चव खरंच डोक्यात असते असं जाहीर केलं. सासूबाई अजून प्रत्येक वेळी कढईत डाव घालून डोकं आपल्याकडे ओढायला बघतात, त्यांचा वार नसतानाही. मुलाला बुधवार आला आहे. बुधवारी तो मित्राकडे जेवायला जातो.